कुत्रं खात नाहीये, आता दवाखान्यात न्यायचं का थांबायचं?

आमचा रॉक्या सहा वर्षांचा, गावठीच, मळ्यावरच जन्मलेला, आणि संध्याकाळी माय चुलीपासून उठली की हा ओट्यावर येऊन बसलेलाच असतो. मागच्या वर्षी भादव्यात एका संध्याकाळी तो आलाच नाही. माय दादर ज्वारीची भाकरी दुधात चुरून त्याच्यापुढं घेऊन गेली, त्यानं नुसता वास घेतला, मान फिरवली आणि ट्रॉलीखाली जाऊन पडला. माय म्हणे, "भाऊ, त्याले काहीतरी व्हयनं, देख बरं." त्या रात्री मी चार वेळा बॅटरी घेऊन उठलो. एकदा वाटलं सकाळी बरा होईल, एकदा वाटलं सकाळपर्यंत टिकणारच नाही, आणि दोन्ही वेळेला रॉक्या मात्र तसाच पडलेला होता, काहीच बदललेलं नव्हतं, बदलत होतं ते फक्त माझं मन.

सकाळी ओळखीच्या ढोरांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी विचारलं, ताप किती आहे? हिरड्या कशा दिसताहेत? शेवटची लघवी कधी केली, रंग कसा होता? पाणी पितोय का? अंगावर गोचीड होते का? पाचपैकी मला फक्त शेवटचं सांगता आलं, की हो, कानात होते. रात्रभर जागून मी नुसता त्याच्याकडं बघत होतो, पण पाहिलं काहीच नव्हतं. म्हणून हे लिहायला घेतलं, कारण आपल्याकडं खान्देशात अमळनेर, चोपडा, शिरपूर, शहादा कुठंही बघा, कुत्र्याचा चांगला दवाखाना म्हणजे चाळीस-साठ किलोमीटर लांब, आणि जायचं की नाही हे ठरवण्यातच अर्धा आजार निघून जातो.

तर पहिली गोष्ट, घरी काय काय मोजता येतं. नाक कोरडं म्हणजे ताप, हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण त्यावरून काहीच कळत नाही, चांगल्या कुत्र्याचं नाकही झोपेतून उठल्यावर कोरडं असतं. ताप थर्मामीटरनंच बघायचा, मेडिकलवर मिळतो तो साधा डिजिटल, त्याच्या टोकाला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावून शेपटीखालून गुदद्वारात इंचभर हळूच सारायचा, एकानं डोकं धरायचं आणि गोड बोलत राहायचं. आता इथं एक घोळ होतो. कुत्र्याचं नॉर्मल तापमान आपल्यापेक्षा जास्तच असतं, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, त्यामुळं १०१.५ दिसलं म्हणून घाबरू नका. १०३ च्या वर गेलं तर ताप समजा. १०५ च्या पुढं असेल तर थांबायचं नाही. आणि उलटं, आजारी कुत्र्याचं ९९ च्या खाली आलं, अंग गार पडलं, तर ते तापापेक्षाही वाईट लक्षण आहे.

दुसरं म्हणजे हिरड्या. वरचा ओठ उचलायचा, हिरडी गुलाबी पाहिजे. अंगठ्यानं दाबून सोडली की पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी होते, तसं झालं तर रक्त नीट फिरतंय. हिरडी पांढरीफटक असेल तर रक्त कमी झालंय किंवा आत कुठं तरी वाहतंय, पिवळी म्हणजे कावीळ, निळसर म्हणजे श्वास पुरत नाहीये. काही कुत्र्यांच्या हिरड्या काळ्याच असतात, त्यांची खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा. हे आज, कुत्रं ठणठणीत असतानाच बघून ठेवा, म्हणजे उद्या फरक कळेल. श्वास झोपेत असताना मोजायचा, छाती एकदा वर-खाली म्हणजे एक, मिनिटाला तीसच्या आत हवा. खांद्यांमधली कातडी चिमटीत उचलून सोडायची, लगेच बसली तर पाणी पुरेसं आहे, तंबूसारखी उभी राहिली तर अंगातलं पाणी कमी झालंय. हे सगळं वहीत वेळेसकट लिहायचं, आणि उलटी, खोकला, लंगडणं, झटका काहीही असेल तर मोबाईलवर व्हिडिओ काढायचा. दवाखान्याच्या टेबलावर कुत्रं घाबरून ताठ उभं राहतं आणि घरी जे करत होतं ते तिथं करतच नाही. डॉक्टरला अर्धं निदान त्या व्हिडिओतूनच होतं.

आता कधी अजिबात थांबायचं नाही ते सांगतो.

पिल्लू सहा-सात महिन्यांच्या आतलं आहे, लस झालेली नाही, आणि उलट्या व रक्ताचे घाण वासाचे जुलाब सुरू झालेत, तर पार्वो समजूनच निघायचं, हा व्हायरस आतड्याचं अस्तरच सोलून काढतो आणि पिल्लू रोगापेक्षा पाणी कमी होऊन जातं, म्हणून सलाईन किती लवकर लागलं यावर सगळं असतं. मोठ्या छातीचं कुत्रं, म्हणजे जर्मन शेफर्ड, डोबरमॅन, ग्रेट डेन वगैरे, ओकायला करतंय पण काही निघत नाही आणि पोट ढोलासारखं फुगलंय, तर पोटाला पीळ पडलेला असू शकतो, त्यात हिशोब तासांचा असतो, दिवसांचा नाही. नर असो की मादी, जोर करतंय आणि लघवी होतच नाही, तेही तसंच. नसबंदी न झालेली मादी, महिना-दोन महिन्यांपूर्वी माजावर येऊन गेली, आता सारखं पाणी पितेय, खात नाही, खालून पू येतोय, किंवा पू न येताही पोट सुटलंय, तर गर्भाशयात पू झालेला असतो आणि तिथं गोळ्यांवर दिवस काढले तर मादी हातची जाते, बहुतेक वेळा ऑपरेशनच लागतं. यातली शेवटची गोष्ट आपल्याकडं फार जणांना माहीत नाही, म्हातारी झाली म्हणून खात नसेल असं म्हणत बसतात, मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

विषबाधा आपल्याकडं विशेष. कपाशीवर फवारणी चालू असते, पंपाजवळ बादलीत औषधाचं पाणी राहतं, कुत्रं ते चाटतं. तोंडातून फेस-लाळ, डोळ्यातून पाणी, थरथर, बाहुल्या बारीक, असं दिसलं तर कीटकनाशकच. त्यावर अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन असतं पण ते डॉक्टरनंच द्यायचं. निघताना औषधाचा डबा किंवा निदान त्याचं लेबल सोबत न्या, कारण कुठलं औषध हे कळल्यावर उपचार बदलतो. मीठ-पाणी पाजून ओकवायचा प्रयत्न करू नका, बेशुद्ध होत चाललेल्या कुत्र्याच्या फुप्फुसात ते उतरतं. उंदराच्या औषधाचं आणखी वेगळं, काही औषधं खाल्ल्यावर कुत्रं दोन-तीन दिवस अगदी मजेत असतं आणि मग नाकातून, हिरड्यातून रक्त यायला लागतं, कारण ती रक्त गोठायची प्रक्रियाच बंद पाडतात. त्याच्यावर व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे आणि खाताना पाहिलं त्याच दिवशी नेलं तर तो फार छान काम करतो. साप चावला तर माणसाला देतात तेच नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारं प्रतिविष कुत्र्यालाही देतात.

आणि ऊन. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो, पत्र्याच्या शेडमध्ये साखळीला बांधलेल्या कुत्र्याला उष्माघात व्हायला वेळ लागत नाही, कारण त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते गार होतं. जोरात धापा, जीभ लालभडक, चिकट लाळ, पाय लटपटताहेत, तर सावलीत घेऊन साध्या पाण्यानं अंग, पोट, मांड्या भिजवायच्या, पंखा लावायचा आणि भिजवत भिजवतच न्यायचं. दवाखान्यात पोचल्यावर गार करू असं म्हणू नका.

एक गोष्ट सगळ्यांच्या आधी. कुत्र्याच्या तोंडातून लाळ गळतेय, गिळता येत नाही, आवाज बदललाय, तर आपण म्हणतो घशात हाडूक अडकलं आणि हात घालून बघतो. तसं करू नका. पिसाळलेल्या कुत्र्याचंही अगदी असंच दिसतं, आणि रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस असो की जनावर, जवळजवळ कुणीच वाचत नाही. हात घातला असेल, लाळ जखमेला लागली असेल, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करायची, कुत्र्याचं नंतर बघू.

थांबता कधी येतं? मोठं, लस झालेलं कुत्रं एकदा-दोनदा ओकलं, जेवण सोडलं, पण पाणी पितंय, हाक मारल्यावर शेपटी हलवतंय, हिरड्या गुलाबी आहेत, ताप नाही, तर एक दिवस थांबायला हरकत नाही. हलकं खाणं द्यायचं, मऊ भात, थोडं उकडलेलं चिकन, बिनमसाल्याचं. चोवीस तासांत सुधारलं नाही किंवा त्यात आणखी एखादं लक्षण आलं तर निघायचं. पिल्लू, म्हातारं आणि गाभण मादी यांना मात्र ही सूट नाही, त्यांच्यात साठवण कमी असते.

या एका दिवसात माणसांच्या गोळ्या द्यायच्या नाहीत, हे मी हात जोडून सांगतो. ब्रुफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी जाते. पॅरासिटामॉलही आपल्या अंदाजानं दिलं तर लिव्हरला मारतं. डायक्लोफेनॅकचं नाव गिधाडांमुळं ऐकलं असेल, हे औषध दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं संपत चालली होती म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तेच घरातलं औषध आपण कुत्र्याला मायेनं देतो. खाण्याचंही तसंच आहे, आपल्या शेवभाजीच्या रश्श्यात, भरतात कांदा असतो, आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या लाल पेशी फोडतो. अशक्त कुत्र्याला चव यावी म्हणून रस्सा ओतणारी मंडळी मी पाहिलीत, तसं करू नका.

जायचं कुठं? तालुक्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो, तिथले पशुधन विकास अधिकारी म्हणजे साडेपाच वर्षांची पदवी घेतलेले डॉक्टर, कुत्र्याचं शिक्षणही त्यांनी घेतलेलंच असतं. रोजचं काम गाई-म्हशींचं असल्यामुळं कुत्र्यासाठी लागणारी मशीनं मात्र तिथं नसतात. तरी पहिलं सलाईन, पहिलं इंजेक्शन, ताप, जखम, लस यासाठी तिथं जाणं साठ किलोमीटर हाल करण्यापेक्षा कितीतरी बरं. धुळ्याला, जळगावला जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, कुत्र्यांचे खाजगी दवाखानेही आहेत, आणि खूप गुंतागुंतीचं असेल तर भुसावळहून रेल्वेनं अकोल्याला पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था आहे. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर, तो मुख्यतः गुराढोरांसाठी आहे. निघायच्या आधी फोन करा, सोनोग्राफी चालू आहे का, डॉक्टर किती वाजेपर्यंत आहेत, हे विचारूनच गाडी काढा. आणि निर्णय दुपारी चारच्या आत घ्या, कारण रात्री आठला ठरवलं तर उघडं काहीच सापडत नाही, हे मी दोनदा भोगलंय.

दवाखान्यात गेल्यावर पैशांबद्दल बोलायला लाजू नका. आपण गप्प बसतो, डॉक्टर सगळ्या तपासण्या लिहितात, बिल बघून आपण दुसऱ्या दिवशी जातच नाही, आणि नुकसान कुत्र्याचं होतं. मी सरळ सांगतो, डॉक्टरसाहेब, आज माझ्याकडं इतके आहेत, यात सगळ्यात आधी काय करायचं? आणि प्रत्येक तपासणीला एकच प्रश्न, हिचा रिपोर्ट असा आला किंवा तसा आला तर तुमचा उपचार बदलणार आहे का? बदलणार असेल तर ती तपासणी पैसे वसूल. बदलणार नसेल तर पुढं ढकलता येते. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. शेवटी हेही विचारायचं की फरक किती दिवसांत दिसायला हवा आणि नाही दिसला तर पुढची पायरी काय, म्हणजे घरी आल्यावर पुन्हा रात्रभर अंदाज बांधत बसावं लागत नाही.

खर्चाचं आणि आशेचं गणित दिसतं तसं नसतं. मादीच्या किंवा नराच्या लघवीच्या जागी फुलकोबीसारखी रक्ताळलेली गाठ येते, गावात म्हणतात कॅन्सर झाला, सोडून द्या. तो आहे गाठीचाच आजार, संगातून एका कुत्र्याचा दुसऱ्याला लागणारा, पण व्हिनक्रिस्टिन नावाची इंजेक्शनं आठवड्याला एक अशी चार-सहा आठवडे दिली की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. म्हणजे भीती मोठी, उपाय साधा. उलट म्हाताऱ्या कुत्र्याची किडनी कायमची गेलेली असेल तर कितीही सलाईन लावा, दिवस वाढतात पण किडनी परत येत नाही. म्हणून किती खर्च, याच्या आधी बरं होण्यासारखं आहे का, हे विचारायचं.

रॉक्याकडं परत येतो. आदल्या आठवड्यातही तो मलूल होता, तेव्हा जवळच्या एका ठिकाणी त्याला एक इंजेक्शन दिलं गेलं, कशाचं ते कागदावर लिहिलं नव्हतं, ताप उतरला, दोन दिवस भाकरी खाल्ली आणि आम्ही निर्धास्त झालो. नंतर कळलं की ते स्टेरॉइड असावं. स्टेरॉइड औषध म्हणून वाईट नाही, पण निदान नसताना दिलं तर आजार झाकला जातो. म्हणून प्रत्येक इंजेक्शनचं नाव लिहून मागा.

धुळ्याला नेलं तेव्हा त्याच्या नाकातून रक्ताचा बारीक ओघळ आलेला होता, डॉक्टरांनी पोटावरची केसं बाजूला करून दाखवलं, कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. रक्त तपासलं, प्लेटलेट २८ हजार. कुत्र्यात साधारण दोन लाखांच्या वर पाहिजेत, आणि तीस-चाळीस हजारांच्या खाली गेल्या की काही न लागताही रक्त यायची भीती असते. हा गोचीडताप. गोचीड रक्त पिता पिता एर्लिकिया नावाचे जंतू आत सोडते, ते पांढऱ्या पेशींत घर करतात, ताप येतो, प्लेटलेट पडतात. यातलं सगळ्यात फसवं म्हणजे पहिला ताप आपोआपही उतरतो आणि मग कुत्रं महिनोन्‌महिने चांगलं दिसतं, आत जंतू तसाच, आणि पुढं जो आजार येतो त्यात हाडातला मगजच रक्त बनवायचं सोडतो, तिथून परत आणणं फार अवघड. म्हणून डॉक्सीसायक्लिनचा कोर्स साधारण २८ दिवसांचा असतो. तिसऱ्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागतं आणि आपण गोळी बंद करतो, ती करायची नाही. गोळी पोट भरल्यावर आणि वरून पाणी पाजून द्यायची, नाहीतर अन्ननलिका पोळते, उलट्या होतात. गोचिडीपासूनच बबेसिया नावाचा दुसरा आजार होतो, तो लाल पेशी फोडतो, लघवी चहासारखी होते, त्याचं औषध वेगळं, म्हणून लघवीचा रंग डॉक्टर पहिल्यांदा विचारतात. आणि काचपट्टीवर जंतू दिसला नाही म्हणजे तो नाहीच, असं नसतं, डॉक्टर लक्षणं आणि प्लेटलेट बघून औषध सुरू करतात ते याच कारणानं.

दोन फेऱ्यांचं डिझेल धरून आमचे साडेचार हजारांच्या आसपास गेले. पाचव्या दिवशी सकाळी मी गोठ्यात होतो, माय ओरडली, "खाये रे तो, खाये!" जाऊन बघतो तर भाकरीची ताटली चाटून पुसून लख्ख.

पण प्रत्येक वेळी असं होत नाही, हे आधीच्या म्हाताऱ्या कुत्रीनं दाखवलं. तिच्या वेळी आम्ही भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज रात्री खूण करायचो, खाल्लं, स्वतः उठली, कळ नव्हती, तर बरोबरची खूण, नाहीतर फुली. मनात रोज वाटायचं आज बरी आहे. कागदावर मात्र एका आठवड्यात सहा फुल्या लागल्या, तेव्हा घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी कळलं. डॉक्टरांना घरी बोलावलं, आधी गुंगीचं आणि मग शेवटचं इंजेक्शन, डोकं मायच्या मांडीवर होतं, त्रास झाला नाही. कुणी म्हणालं जीव घेतला, कुणी म्हणालं पुण्य केलं. ज्यांनी ती रात्री कण्हताना ऐकली नाही त्यांच्या बोलण्याचं मी मनावर घेतलं नाही.

औषधाच्या २९ व्या दिवशी रॉक्याच्या प्लेटलेट दोन लाख तीस हजार आल्या. डॉक्टर म्हणाले, औषध संपलं पण गोचीड घरात आहे तोवर आजार परत येणार, कारण तपकिरी गोचीड कुत्र्यावर थोडा वेळ आणि भिंतीच्या फटीत जास्त वेळ राहते, एकेक मादी हजारो अंडी तिथं घालते. अंगावरची गोचीड चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढायची, बोटात चिरडायची नाही, काडीनं जाळायची नाही. म्हशीला लावायचं गोचिडाचं औषध त्याच मापानं कुत्र्याला ओतायचं नाही, त्याचं वेगळं येतं, वजनावर ठरतं. आम्ही दिवाळीच्या आत ओट्याच्या सगळ्या भेगा सिमेंटनं बुजवल्या, ट्रॉलीखालची जुनी पोती जाळली आणि रॉक्याची जागा गोठ्यापासून लांब, शेवग्याखाली केली. तिथं तो अजून नीट रुळला नाही, रात्री उठून ट्रॉलीखालीच जातो, म्हणून आता ट्रॉलीखालीही महिन्यातून एकदा फवारतो, आणि फवारा पूर्ण वाळेपर्यंत त्याला घरात घेतो.